नदीवर कोणाला सोडायचं

मे महिना लागला की माझ्या दुकानात येणारी पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात, "काका, तापनार तं नाई ना?" अमरावतीत मी कॉम्प्युटर विकतो. खेळांसाठीचे, म्हणजे ज्यांच्या पोटात निळे-जांभळे दिवे लागतात आणि ज्यांचे पंखे सुरू झाले की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही असे. मी पोरांना पंखे दाखवतो, जाळ्या दाखवतो आणि बेधडक सांगतो, तापणार नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत, आमच्याकडे दाराची कडी तापते, टाकीतलं पाणी तापतं, सावलीत झोपलेलं कुत्रं तापतं. पण गिऱ्हाइकाला हे सांगून धंदा होत नसतो.

यंदा समोरच्या दुकानदाराने कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरला. त्यावर पहिलं पाणी पडलं आणि तो वास रस्ता ओलांडून माझ्या काउंटरपर्यंत आला. लोकांना त्या वासाने गार वाटतं. मी उठून काचेचं दार लावून घेतलं.

तो वास अकोल्याचा आहे. तिथे माझा दोस्त इरफान, त्याच्या घरचा धंदा कूलरचा होता. त्याचे अब्बा पुढे पत्रे कापत, ताट्या भरत, जळलेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देत. मागच्या खोलीत इरफान कॉम्प्युटर जोडून द्यायचा. मी बडनेऱ्याचा, वडील रेल्वेत. पासवर रोज अकोल्याच्या कॉलेजात जायचो आणि कॉलेजातून बहुतेक वेळा इरफानकडेच. सुट्ट्या लागल्या तरी पासाची मुदत शिल्लक होती, तेव्हा उन्हाळाभर मी तिथंच पडीक. कूलरच्या रिकाम्या सांगाड्यांवर बसून आम्ही चार-पाच जण भांडायचो. वीस वर्षांची पोरं ज्या वयात पोरींवरून भांडतात, त्या वयात आम्ही एका खेळावरून भांडत होतो.

त्या खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. आम्ही नुसतं 'किल्ला' म्हणायचो. त्यात दिसेल त्याला मारत सुटायचं नसतं. आधी चार माणसं घडवायची: शिपाई, तिरंदाज, चोर आणि वैदूबाई. त्यांना नावं द्यायची, कोणाला कोणती विद्या शिकवायची ते ठरवायचं, वाटेत भेटणाऱ्याशी कसं बोलायचं तेही आपणच निवडायचं. अशी ही चौघं दुष्काळी मुलखातून एका किल्ल्यापर्यंत न्यायची. अर्ध्या वाटेवर नदी लागते. नावाडी म्हणतो, नावेत तिघंच बसतील, एकाला काठावर सोडा. सोडलेला पुन्हा भेटत नाही.

या एका नदीवरून आमच्यात जेवढी तोंडं वाजली तेवढी वाटणीवरून भावाभावांत वाजत नसतील. मी हिशेबी खेळाडू. कोणाचा घाव किती बसतो, कोण किती मार सोसतो, याची माझ्याकडे अख्खी वही होती. वैदूबाईला सोडायचं, हे माझं मत. ती लढत नाही, तिची जागा अडते. इरफान चोराला सोडायचा. "चोर है भाई, कहीं भी पेट भर लेगा," म्हणायचा. आणि मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की खेळ शेवटपर्यंत खेळून संपवणारा आपल्यात मी एकटाच. त्यामुळे वादात शेवटचा शब्द माझा असे. खरं म्हणजे मी नदीपलीकडे दोन मुक्काम गेलो होतो, तेवढंच. पुढचं मी एका मासिकात वाचलं होतं, तेही अर्धवट. कोणी विचारलं की मी डोळे बारीक करून म्हणायचो, "सांगितलं तर तुमची मजा जाईल."

खेळावरून दम लागला की मशीनवरून सुरू व्हायचं. बाजारात प्रोसेसरच्या दोन कंपन्या, तर आमच्यात दोन पंथ. एका पंथाच्या माणसाने दुसऱ्याच्या मशीनवर बसणंसुद्धा कमीपणाचं. ग्राफिक कार्ड आधी घ्यावं की रॅम वाढवावी, लॅपटॉप घेणारा माणूस खेळाडू म्हणावा की नाही, यावर एकदा दोघांची मजल कॉलर धरण्यापर्यंत गेली होती. ज्याचं मशीन हलकं त्याचं मत हलकं, हा तिथला कायदा होता आणि तो मीच केला होता. वडिलांच्या चार महिने मागे लागून मी मोठं कार्ड बसवून घेतलं होतं. ते बसवल्यापासून मी बोलतानासुद्धा जरा मागे रेलून बोलायचो.

धनंजय आमच्यात अंजनगाव सुर्जीहून यायचा. घरचा पानमळा. विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन आठवड्यातून दोनदा अकोल्याच्या बाजारात यायचा आणि परतीच्या एसटीला वेळ असला की इरफानच्या दुकानात टेकायचा. ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. सकाळी पेपर उघडला की आतल्या पानावर नव्या गावाचं नाव, त्याखाली माणसाचं वय. सरकारने शेतकऱ्यांसाठी पॅकेज जाहीर केलं होतं आणि स्टँडपासून पानठेल्यापर्यंत सगळीकडे तोच शब्द. कॉलेजातही तोच शब्द चाले, पण तिथे तो नोकरीचा. आम्ही धनूचं नाव पॅकेज ठेवलं. आम्ही म्हणजे मीच.

तो दारात दिसला की मी ओरडायचो, "आलं बे पॅकेज! खात्यात जमा करून घ्या!"

सगळे हसायचे, धनूही हसायचा. त्याच्या गल्लीतल्या दोन घरांचं नाव त्या वर्षी पेपरात आलं होतं, हे मला इरफानने सांगितलं होतं. ते कळल्यावरही मी ओरडणं थांबवलं नाही. हसताना धनूची नजर क्षणभर जमिनीकडे जाई. ती जाते की नाही हे मी बघत असे, आणि गेली की बरं वाटे.

असा धनू एक दिवस आमच्या वादात बोलला.

"नदीवर शिपायाले सोडा," तो म्हणाला.

हशा पिकला. शिपाई म्हणजे चौघांतला सगळ्यात दांडगा गडी. त्याला सोडून किल्ल्यावर काय झक मारायला जायचं?

"त्याले एकट्याले जगता येते," धनू म्हणाला. "बाकीच्याइले नाई येत. म्हून त्याले सोडाचं."

"अन् पुढं लढाई कोण जिंकणार? तुझा बाप?"

"जितनंच असंल तं कबड्डी खेळा ना. हा तं दुसऱ्याच्या जागी उभं रायचा खेळ आहे."

इरफानने "वाह" म्हणून मांडीवर थाप मारली. मी वहीतले आकडे तोंडावर फेकले. धनूने ते ऐकून घेतले आणि म्हणाला, "पुढच्या खेपेले सांगतो." तीन दिवसांनी तो करंड्या टाकून आला तो उत्तर घेऊनच आला, आणि ते उत्तर माझ्या आकड्यांना पुरून उरलं. मग हे असंच चाललं. मी प्रश्न टाकायचा, तो खाली मान घालून ऐकायचा, गावी जायचा आणि पुढच्या खेपेला मला सगळ्यांसमोर गप्प करायचा. त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे का, तो खेळतो कुठे, हे आम्हाला कोणाला सुचलंसुद्धा नाही. हरणाऱ्याला एवढं सुचत नाही.

कॉम्प्युटर त्याने मार्चमध्ये घेतला. इरफानकडूनच जोडून घ्यायचा म्हणून तो कागदावर यादी लिहून आला. यादी बघून मी दुकानभर फिरवली. सगळ्यात लहान प्रोसेसर. वेगळं कार्ड नाही. कॅबिनेट मात्र जुन्या पद्धतीचं, पेटीएवढं मोठं. आणि वर एक दणकट स्टॅबिलायझर.

"कॉम्प्युटर घेऊन राहिला का बैलबंडी?" मी विचारलं.

"कमी खाते, कमी तापते," धनू म्हणाला. "आमच्याकडं लाइन कवा येते, कवा जाते. व्होल्टेज आज आहे, उद्या नाई. किल्ला जुना खेळ आहे, त्याले एवढं पुरते."

"गोठ्यात बांधजो. रोज चारा टाकजो."

पोरं लोळली. इरफानने मात्र यादी दोनदा वाचली आणि हळूच म्हणाला, "ये लिस्ट जिसने बनाई, उसको मालूम है." ते वाक्य माझ्या कानावरून गेलं. तेव्हा थांबलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मी पुष्कळदा मनाशी म्हणतो. पण मी थांबणाऱ्यांतला नव्हतो.

मग नवतपा आला. त्या वर्षीचं ऊन आमच्या बाजूला कोणी विसरलं नसेल. वर भारनियमन. दुपारी लाइन यायची ती आजारी माणसासारखी, उठते-बसते. पहिलं इरफानचं मशीन गेलं. आठवड्याने माझं. पडद्यावर रेघा आल्या, जळका वास आला आणि संपलं. उघडून बघितलं तर बोर्डावरचे कपॅसिटर फुगून फुटले होते आणि ज्या कार्डासाठी मी घरी चार महिने तमाशा केला होता ते काळं पडलं होतं. वडील ड्यूटीवर जाताना दाराशी थांबून एवढंच म्हणाले, "झालं?"

पंधरा दिवसांत आमच्यातल्या प्रत्येकाचं मशीन बंद पडलं. चालू राहिलं ते एकच.

"पॅकेजकडं जाऊ," मीच म्हणालो. वरून चेष्टा. आतून मला बघायचं होतं की ते खरंच चालतंय का. चालत नसेल तर बरं, असं वाटत होतं.

डोक्याला दुपट्टे बांधून, खिशात कांदा घालून इरफान आणि मी अकोटमार्गे अंजनगावला गेलो. एसटीच्या खिडकीचा गज हाताला लागला की हात मागे येत होता. धनूच्या घरी पोचलो तेव्हा दारात मांडव घातलेला. धनूने हात धरून आत नेलं, गुळाचं पाणी दिलं. "माह्या बहिणीचं लगन आहे. उद्या हळद. बरं झालं आले. आता लगन लागेपर्यंत जाऊ नका," म्हणाला. आनंदाने बोलत होता. ज्यांनी वर्षभर आपली टिंगल केली त्यांना इतक्या आनंदाने घरात घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्याचाही मला राग आला.

कॉम्प्युटर पानं ठेवायच्या खोलीत होता. जमिनीवर ओली पोती, खिडकीला ओलं गोणपाट, करंड्यांत ओल्या फडक्याखाली पानं. बाहेर भट्टी आणि आत माठाच्या बुडाशी असतो तसा गारवा. ओल लागू नये म्हणून विटा रचून त्यावर स्टूल, स्टुलावर ते पेटीएवढं कॅबिनेट, एक बाजू उघडी टाकलेली. पंखा सावकाश फिरत होता. आणि समोर एक मुलगी बसून खेळत होती.

"सुनंदा, हे थेच, अकोल्याचे," धनू म्हणाला. मग आमच्याकडे वळून जरा ओशाळत म्हणाला, "मले नाई जमत हे खेळनं. ही खेळते, पयले गावातल्या कॉम्प्युटर क्लासात, आता घरी. मी नुसतं हिचं बोलनं तुमाले आनून सांगत होतो. अन् तुमचं हिले. थे मशीनची यादीबी हिचीच."

म्हणजे वर्षभर मी जिच्याकडून हरत होतो ती ही होती. बारावी झालेली, विशीतली, तेल लावून चापून वेणी घातलेली पोरगी. अकोल्याला तिला कोणी येऊ दिलं नव्हतं आणि चार दिवसांनी ती दर्यापूरला सासरी जाणार होती.

तिने पडद्यावरची नजर काढली नाही. विचारलं, "वैदूबाईले सोडनारे कोनते?"

इरफानने माझ्याकडे बोट केलं.

"काहून सोडलं?"

मी माझे आकडे सांगितले. ती ऐकत होती आणि तिची बोटं चालत होती.

"मंग जखमा कोन भरते?"

"पुढच्या गावात औषध मिळतं विकत," मी म्हणालो.

आता तिने मान वळवली. "पुढचं गाव जळेल असते. तिथं कोनीच नसते. तुमी गेले नाई काय तिथवर?"

मग इरफान असा हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. "अबे, तू तो बोलता था पूरा खतम किया है! पूरा!" धनूही हसला. दारात तिची आई उभी होती, तिला काय कळलं कोण जाणे, पण तीही पदर तोंडाला लावून हसली. सुनंदा मात्र हसली नाही. तिला माझी कीव आली होती, आणि ती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"आता थोडकंच राहिलं," ती म्हणाली. "किल्ल्याचा दरवाजा दिसून राहिला. सासरी कॉम्प्युटर नाई. हळदीच्या आधी सरलं पायजे, बस. आईले म्हटलं, मले दुसरं काई नको देऊ, आज-उद्या दुपारच्या लाइनीचे दोन घंटे दे."

"लगनघर अन् नवरी खटखट करून राहिली," आई म्हणाली. पण रागावून नाही.

कासारीण आली म्हणून अंगणातून हाक आली. हात भरायचे होते. सुनंदा उठली, खुर्ची माझ्याकडे सरकवली. "पाहा तुमी. फिरून या किल्ल्याभोवती. फक्त सेव्ह नका करू. माह्यं एकच सेव्ह आहे. मी दुसरं ठेवत नाई."

ती गेली. धनू आणि इरफान मांडवाला पाणी मारायला बाहेर गेले. मी एकटा राहिलो.

तिची चौघं पडद्यावर उभी होती; तिची तिघं, म्हणजे. वैदूबाई मधे. ज्या वाटेने ती त्यांना घेऊन आली होती ती वाट मी बघितलीसुद्धा नव्हती. किल्ल्याचा दरवाजा खरोखर समोर होता. अंगणातून बांगड्यांचा आवाज येत होता, बायका गाणं म्हणत होत्या.

मी नवा खेळ सुरू केला. चार कोरी माणसं आली. मी सेव्हवर गेलो. खेळाने विचारलं, जुनं पुसून त्या जागी हे ठेवायचं का? मी हो म्हटलं. खेळाने पुन्हा विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. रागाच्या भरात हात पडला असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण दोन प्रश्नांच्या मधे मी दाराकडे बघून घेतलं होतं, कोणी येत नाही ना म्हणून.

दहा मिनिटांत लाइन गेली. माझं नशीब कसं बलवत्तर!

सुनंदा आली तेव्हा तिचे दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरले होते. "गेली का लाइन?" म्हणाली आणि तिथेच खाली पोत्यावर बसून राहिली. तिच्या आईने आम्हाला जेवायला वाढलं. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. मी पोटभर जेवलो. पाचच्या सुमाराला लाइन आली. तिने मशीन सुरू केलं. बांगड्या कीबोर्डवर वाजल्या आणि एकाएकी वाजायच्या थांबल्या. मग तिने माझ्या हातांकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे.

"काय झालं वं?" धनूने विचारलं.

"लाइननं खाल्लं," ती म्हणाली. "सगळं गेलं."

"अरारा! मंग पुन्हा..."

"कवा, दादा?" एवढंच म्हणाली आणि मशीन बंद करून करंड्यांवर पाणी शिंपडायला लागली.

लग्नाला आम्ही थांबलो नाही. परतीच्या एसटीत अकोट आलं तेव्हा इरफान म्हणाला, "तूने ही किया ना?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. "गलत किया," तो म्हणाला आणि उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला.

इथे गोष्ट संपली असती तर ती एका वीस वर्षांच्या मूर्खाची गोष्ट झाली असती. पण मला ती पचवता येईना, आणि न पचलेली गोष्ट मी तोंडावाटे बाहेर काढली. आठ-दहा दिवसांनी, दुकानात, बाकीच्या दोघा-तिघांसमोर. जिंकल्यासारखी सांगितली. पॅकेजच्या बहिणीचा किल्ला कसा पाडला ते. चुडा भरलेले हात कीबोर्डवर कसे थांबले, त्याची नक्कल केली. पोरं हसली. इरफान हसला नाही, तो माझ्या मागे बघत होता.

कूलरच्या सांगाड्यांपलीकडे धनू उभा होता. हातात बुंदी-शेवेचा पुडा.

"तिनं तं लाइन सांगतलं होतं," तो म्हणाला.

त्याने पुडा सांगाड्यावर ठेवला, "सुनंदानं तुमच्यासाठी ठेवाले लावला होता," म्हणाला आणि गेला. मला त्याने मारायला हवं होतं. मी आजही कधी कधी गालाला हात लावून बघतो. तो पुन्हा दुकानात आला नाही; करंड्या घेऊन येणं चालू होतं, पण रस्त्याच्या पलीकडून जायचा. दोनेक वर्षांत विहिरीला पाणी राहिलं नाही, मळा मोडला, आणि धनू परतवाड्याच्या रस्त्यावर दुसऱ्याची जीप चालवायला लागला.

इरफान आणि मी अजून बोलतो. आता तो कूलरच बनवतो, कॉम्प्युटरला हात लावत नाही. मागच्या वर्षी त्यानेच सांगितलं की कसल्याशा दाखल्यासाठी तो दर्यापूरला गेला होता, तिथे तहसिलीजवळच्या ऑनलाइन केंद्रात सुनंदा बसते. शेतकऱ्यांचे फॉर्म भरते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर.

मी गेलो. मे महिनाच होता. किल्ला आता कुठे मिळत नाही, पण मी तो शोधून, आजच्या मशीनवर चालेल असा करून एका पेन ड्राइव्हवर घेतला होता. अमरावतीहून दर्यापूरपर्यंत खिशात चारदा चाचपला. केंद्रासमोर रांग होती. सातबारा, आधार, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून माणसं उन्हात उभी होती. मीही रांगेत लागलो. माझ्यामागे एक म्हातारे बाबा होते, डोक्याला दुपट्टा बांधलेले, त्यांना मी दोनदा म्हटलं की तुम्ही पुढे व्हा. ते म्हणाले, नंबरानं जाऊ.

ती जाड झाली होती, चष्मा लागला होता. "बोला," म्हणाली. मग मान वर केली आणि ओळखलं. बोटं चालायची थांबली नाहीत.

मी पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला. "तो खेळ आहे यात. त्या दिवशी तुमचा खेळ मी पुसला होता. लाइन नव्हती."

"मालूम आहे," ती म्हणाली. "लाइननं चार नवे मानसं तयार होत नाईत."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"दादानं तुमाले विहिरीत टाकलं असतं. दुसऱ्या दिवशी माही हळद." तिने एक कागद छापायला सोडला. "तुमाले थो दोस्त समजे. अकोल्याले माहे दोस्त आहेत म्हने. गावात कोन होतं त्याले, त्या वर्षी? म्हून नाई सांगतलं. आजवर नाई सांगतलं त्याले."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी खरं बोलायला निघालो होतो, आणि तेवढ्याचसाठी दोन तास उन्हात आलो होतो.

"त्याला माहीत आहे," मी म्हणालो.

"कोनं सांगतलं?"

"माझ्याच तोंडून ऐकलं. तुमच्या लग्नानंतर, दुकानात. मी पोरांना सांगत होतो."

"काय सांगत होते?"

मी पेन ड्राइव्हकडे बघितलं. तिला कळलं. आता बोटं थांबली.

"मी पहिल्या दिवाळीले माहेरी गेली तं कॉम्प्युटर नव्हता," ती हळू म्हणाली. माझ्याशी बोलत नसावी. "दादा म्हने, लाइननं जळला. मी म्हटलं, असंल. त्याले वाईट वाटल म्हून मी कंदी नावच नाई काढलं. अन् थोबी नाई काढत. इतके वर्स झाले, आमी दोघं बसलो ना का, कॉम्प्युटरचा विषयच नाई. मी म्हनो, मी त्याले सांभाळून राहिली." तिने चष्मा काढून पदराला पुसला. "थो मले सांभाळून राहिला होता."

"माफ करा," मी म्हणालो.

"तुमी हलकं व्हाले आले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "झाले असान तं बाजूले व्हा. मानसं उनात उभे आहेत."

मागचे बाबा पुढे सरकले. त्यांनी पिशवीतून कागद काढून काउंटरवर पसरले, पेन ड्राइव्ह कागदांखाली गेला. मी तो काढायला हात घातला. तिने कागद सारखे करता करता माझा हात मनगटापासून उचलून बाजूला ठेवला, काउंटरवर कोणाची विसरलेली वस्तू ठेवतात तसा, आणि चष्मा लावून म्हाताऱ्याला विचारलं, "आधार आनलं काय, बाबा?"